नोबेलमधली रिकामी तिसरी खुर्ची

परवाच्या रविवारी माळा आवरताना दादाचा २००३ सालचा पीसी सापडला. त्यातली ४० जीबीची हार्ड डिस्क स्क्रू ड्रायव्हरने उघडली (कधीच मेली होती, हळहळू नका!). आत आरशासारखी तबकडी आणि तिच्यावरचा डेटा वाचणारं इवलंसं हेड. आजची गोष्ट या हेडची.

१९८८ साल. फ्रान्समध्ये ओर्सेला आल्बेर फेर आणि जर्मनीत युलिशला पेटर ग्रुनबर्ग, दोघांनी स्वतंत्रपणे लोखंड आणि क्रोमियमचे काही अणूंइतके पातळ थर एकावर एक चढवले. चुंबकीय क्षेत्र लावलं की त्यांचा विद्युतरोध घसरायचा. का? तर इलेक्ट्रॉनच्या स्पिन दोन प्रकारच्या. लोखंडी थरातून एका प्रकारचे सहज पार होतात, दुसरे धडपडतात, विशेषतः दोन धातूंच्या सीमेवर. शेजारचे लोखंडी थर उलट दिशांना चुंबकित असले की दोन्ही प्रकार कुठे ना कुठे अडखळतात. सगळे थर एका दिशेला आणा, एकाला रान मोकळं!

फेरचा रोध जवळपास निम्म्यावर आला, पण उणे २६९ अंशांना आणि तब्बल २ टेस्लाच्या क्षेत्रात. ग्रुनबर्गला खोलीच्या तापमानाला मिळाला जेमतेम दीड टक्का. त्याने पेटंटचा अर्ज मात्र ठोकला. हुशार माणूस.

आता सांगा, द्रवरूप हीलियम पीसीत कुठे भरणार?

इथे येतो आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेतला स्टुअर्ट पार्किन. एकेक थर निगुतीने वाढवणारी महागडी पद्धत सोडून त्याने स्पटरिंग धरलं: धातूच्या पत्र्यावर आयनांचा मारा करायचा, उडालेले अणू समोर जमू द्यायचे. झटपट काम, त्यामुळे धातूंच्या ढीगभर जोड्या तपासता आल्या. मधल्या थराची जाडी बदलली की परिणाम कमी-जास्त हेलकावतो, हे त्याला दिसलं. १९९३ मध्ये त्याने सीमेवर कोबाल्टचा नावापुरता थर पेरून परिणाम कितीतरी वाढवून दाखवला. त्याआधी १९९१ मध्ये आयबीएमच्याच गटाने, त्यात पार्किनही होता, किरकोळ क्षेत्रात चालणारा ‘स्पिन व्हॉल्व्ह’ मांडला होता. १९९७ मध्ये असं हेड असलेली १६.८ जीबीची डिस्क बाजारात आली.

२००७ चं नोबेल फेर आणि ग्रुनबर्गला मिळालं. तिघांना देता येतं, तरी तिसरी खुर्ची रिकामी. शोध त्या दोघांचाच, मान्य. पण प्रोटोटाइप आणि प्रॉडक्शन यांच्यातल्या खड्ड्यात रोज राबणाऱ्या माझ्यासारख्याला हे अजूनही खुपतं. पार्किनला २०१४ मध्ये फिनलंडचं मिलेनियम टेक्नॉलॉजी प्राइझ मिळालं, तेवढंच बरं वाटलं.

हेड काडेपेटीत जपून ठेवलंय. आईने दोनदा विचारलं, हा कचरा टाकू का म्हणून.