द्रवभरित एंजिन माउंट
मोटारगाडीचे एंजिन सांगाड्यावर पेलून त्याची कंपने प्रवाशांपर्यंत पोहोचू न देणारा रबरी आधार. यात ग्लायकॉल व पाण्याच्या मिश्रणाने भरलेले दोन कप्पे असून ते अरुंद, लांब वळणाच्या मार्गाने जोडलेले असतात. खड्ड्यामुळे एंजिन जोरात हलले की वरच्या कप्प्यातील द्रव या मार्गातून खालच्या कप्प्यात ढकलला जातो. द्रवस्तंभाचे जडत्व व घर्षण यांमुळे हेलकावे लवकर शमतात. मात्र चार सिलिंडरांचे चौधावी एंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर चालताना सेकंदाला २५ बारीक धक्के देते. अशा वेळी कप्प्यांमधील सैल पडदा किंचित वरखाली होऊन दाब सामावून घेतो आणि आधार मऊ राहतो. रबर फाटून द्रव गळल्यास कंपने वाढतात.