राखेचा भराव

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली राख पिठासारखी मऊ असते. रस्त्याच्या भरावात हात मळलेल्या मला तिचं हलकेपणच आधी भावलं. खालच्या काळ्या जमिनीवर भार कमी पडतो.

नाशिकरोडजवळचं हे केंद्र १९७० च्या सुमारास सुरू झालं. राखेला रस्त्यावर आणलं ते सरकारी आदेशानं. १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेनं औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीच्या विटांत राख मिसळणं सक्तीचं केलं. २००३ मध्ये हा पल्ला १०० झाला आणि रस्त्याच्या भरावाला शेतीची वरची माती वापरण्यावर बंदी आली; २०१६ मध्ये पल्ला ३०० झाला. माझ्या मते खरा आधार दिला तो २०१६ च्या वाहतूकखर्चाच्या तरतुदीनं: रस्त्याच्या कामाला १०० किलोमीटरपर्यंत राख पोचवण्याचा खर्च तेव्हा वीजकेंद्राचा होता, पुढे ३०० पर्यंत निम्मा-निम्मा. राख फुकट मिळाली तरी डंपरचं भाडं चुकत नाही, आणि ठेकेदार आधी तेच विचारतो.

भरावात राख मधोमध, कडेला मातीचं आवरण, प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर. काँक्रीटमध्ये तीच राख थोड्या सिमेंटची जागा घेते. सिमेंटसाठी चुनखडी भाजताना सुटणारा कार्बन डायऑक्साइड तेवढा वाचतो.