देवीचे वण

पेणच्या मूर्तिकारास शाडूच्या मुखावरील ओरखडा ओल्या बोटानें पुसतां येतो; माणसाच्या मुखाचें तसें नाहीं. पेण-रोह्याकडील वृद्धांच्या चेहऱ्यांवर देवीचे वण अजूनहि दिसतात. एके काळीं वधूपरीक्षेंत मुलीचें दैव त्यांवर ठरे.

आज असे वण किरणांनीं उथळ करतां येतात. ज्यांनीं १९६४ सालीं कार्बन डायऑक्साइडचा लेसर निर्मिला, ते कुमार पटेल बारामतीस जन्मले व पुण्यास अभियांत्रिकी शिकले. त्वचेंतील पाणी हा किरण शोषून घेतें; वरचा पातळ थर वाफ होऊन जातो आणि खालून नवी त्वचा येते. तथापि खोल वण समूळ जात नाहीं, आणि आपल्या सांवळ्या वर्णास काळे डाग उमटण्याचें भय अधिक.

म्हणून खरा विजय आम्हांस अन्यत्र दिसतो. १४ जून १८०२ रोजीं मुंबईस तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉल हिला देवीची लस टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांतील शेवटचा रोगी १९७५ सालीं आढळला. १९८० सालीं जगांतून रोग नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. किरणाचें कौतुक आम्ही अवश्य करूं. ऋण मात्र लशीचें मानूं. तिच्यामुळेंच आमच्या नातवंडांच्या मुखावर देवीचा वण उमटलाच नाहीं.