बोर्डी-कोसबाडचा बालशिक्षण-प्रयोग : शिक्षक-सहकार्याच्या दृष्टीने एक विचार

शिक्षणाच्या इतिहासात संस्थापकांची चरित्रे विपुल आढळतात. शिक्षकांनी एकत्र बसून अध्यापन कसे बदलले, याची नोंद मात्र विरळ आहे. प्रस्तुत लेखात ताराबाई मोडक (१८९२-१९७३) व अनुताई वाघ (१९१०-१९९२) यांच्या कार्याकडे या दृष्टीने पाहिले आहे.

ताराबाईंना सहकार्याची सवय भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत लागली. तेथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप दिले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. सोबत आलेल्या अनुताई ३५ वर्षांच्या, बालवैधव्य सोसून शिक्षिका झालेल्या. माँटेसरी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. अधिक बिकट प्रश्न वेगळाच होता : वंचित वस्तीतील मुले शाळेत येतच नव्हती. तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेण्यात आली. हीच अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. तेथे मुलांच्या गैरहजेरीचा नीट शोध घेतला गेला. मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळत होती, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणून 'विकासवाडी' आकारास आली. काही मुले गुरे चारीत असत. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणातच जाऊ लागले व 'कुरणशाळा' भरू लागली.

यातील कोणती कल्पना कोणाची, हा प्रश्न प्रस्तुत लेखकास गौण वाटतो. महत्त्वाचे हे की, मुलाची अनुपस्थिती हा मुलाचा दोष न मानता तो शाळेच्या रचनेचा दोष मानला गेला, आणि त्याचे उत्तर शिक्षकांनी मिळून शोधले. आपल्या महाविद्यालयांतील विभागीय बैठकांत वेळापत्रक व अंतर्गत गुण यांवर तासन्‌तास चर्चा होते. (प्रस्तुत लेखकही तीत उत्साहाने भाग घेतो.) मागच्या बाकावरचा विद्यार्थी का गप्प आहे, हा विषय मात्र कार्यक्रमपत्रिकेवर क्वचितच येतो.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, तर अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने 'अंगणवाडी' हा शब्द देशभर नेला. या योजनेत प्रत्येक केंद्रात साधारणतः एक सेविका व एक मदतनीस असते. पोषण आहार, वजनांच्या नोंदी व शिक्षण ही सर्व कामे सेविकेकडेच. पर्यवेक्षिका नोंदवह्या तपासून जाते. काल न आलेल्या मुलाविषयी सेविकेशी बोलेल अशी दुसरी शिक्षिका या रचनेत नाही.