सरकी घरातून गेली

आमच्या राजूरला लोक येतात ते राजुरेश्वराच्या दर्शनाला. अंगारकीला तर पाय ठेवायला जागा नसते. पण आमच्या जालना जिल्ह्याचं नाव देशात झालं ते बियाण्यामुळं. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली. मग तिथं एकामागून एक बियाणे कंपन्या उभ्या राहिल्या. 1998 साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कारही मिळाला. आणि याच जिल्ह्यात शेतकऱ्याच्या घरातलं बियाणं संपलं.

माझ्या लहानपणी बियाणं विकत आणायची चीज नव्हती. माय चांगल्या झाडाचा कापूस वेगळा वेचायची, त्याची सरकी राखून ठेवायची. मिरगाच्या तोंडावर बाप ती शेणकाल्यात घोळायचा, म्हणजे एकेक दाणा सुटा व्हायचा. गावरान कापसाचा धागा आखूड, उताराही कमी. पण मुळं खोल. पावसानं ताण दिला तरी पराटी तग धरायची. दुबार पेरणी आलीच तर शेजारी मापटंभर सरकी द्यायचा.

1970 साली गुजरातेत सुरतेच्या संशोधन केंद्रातून संकर-4 निघाला. पुढं नांदेड-44 आमच्याकडं घरोघर झाला. उत्पन्न वाढलं, ते कोण नाकारील? पण संकरित वाणाची सरकी पुन्हा पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत. म्हणून दरसाल दुकानाची पायरी चढणं आलं.

2002 साली बीटी आली. पहिली काही वर्षं बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्या, हातात पैसा खेळला. 450 ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे रुपये मोजतानाही तेव्हा जड वाटलं नाही. मग अळीच बीटीला सरावली. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं असा घात केला, की बोंड वरून हिरवंगार अन् आत सगळी कवडी. पाकिटाचा दर 2016 पासून केंद्र सरकार ठरवतं. पण फवारणीचा अन् वेचणीचा खर्च कोण ठरवणार?

2001 च्या कायद्यानं शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, दुसऱ्याला द्यायचा, अगदी विकायचाही हक्क दिला. फक्त ते कंपनीसारखं नाव छापून विकता येत नाही. हक्क चांगलाच आहे, पण संकरित कापसात तो कागदावरच राहतो. अमेरिका-ऑस्ट्रेलियात बीटी सरळ वाणात पेरतात. आपल्याकडं ती आणली संकरितात, आणि कोरडवाहू शेतकरी पाकिटाला बांधला गेला.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं बीटीचे सरळ वाणही काढलेत. ते मिरगाआधी तालुक्याच्या दुकानात मिळाले पाहिजेत. कर्जमाफीची चर्चा दर निवडणुकीला होते, ती व्हावीही. पण कर्जाची सुरुवात जिथं होते, त्या पाकिटाबद्दल कुणी बोलत नाही. शेतकऱ्याला एवढंच द्या, की यंदाची सरकी पुढच्या साली त्याच्याच रानात उगवेल.