मिठागरातले पाय

मिठागराचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेले असतात. पांढऱ्या राशी, आरशासारखे वाफे, डोक्यावर टोपली घेतलेली बाई. तिच्या पायांकडे मात्र सहसा कुणाची नजर जात नाही. खरे तर मिठागरातले पहिले अवजार पाय हेच.

पावसाळा संपला की पेडण्याच्या आगरवाड्यात, रायबंदरला, बाती-नेरूलला वाफे उपसायचे, गाळ काढायचा आणि तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा. तळ कच्चा राहिला तर मिठात माती येते. मग मानशीतून भरतीचे पाणी घ्यायचे आणि उन्हाने आटू द्यायचे. मे महिन्यापर्यंत माणूस समुद्राहून कितीतरी खारट पाण्यात उभा असतो. कातडी भिजते, सुकते, टाचा फाटतात, मिठाचे खडे धारेसारखे कापतात. जखमेवर मीठ चोळणे हा आपला वाक्प्रचार; इथे तो रोजचा दिवस आहे.

ही गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नव्हती असे नाही. इटालियन वैद्य रामाझ्झिनी याने 1700 साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात मीठ पिकवणाऱ्यांचाही विचार केला आहे. आपल्याकडे मिठाचा इतिहास लिहिला गेला तो कराचा. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारामुळे गोव्याचे मीठ ब्रिटिशांच्या नियंत्रणाखाली गेले, 1892 ला तो करार संपला. 1930 साली पलीकडे शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. पायांची नोंद कुठेच नाही.

कायद्याने एकदा दार उघडले होते. उघड्यावरचे मिठागर म्हणजे कारखाना का, हा प्रश्न भिवंडीवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि 1961 साली उत्तर मिळाले, की होय. पण कारखाना कायद्यात विजेशिवाय चालणाऱ्या जागेला 20 कामगारांची अट होती. 2020 च्या नव्या संहितेत ती 40 झाली. चार-सहा माणसांचे आपले आगर त्यात बसणार कसे? माझ्यासारख्या कारकुनाला अशा अटींचे कागद पाठ असतात, म्हणून हे जास्त खुपते.

म्हणजे काळजी घरावरच आली. आपल्याकडे त्यासाठी खोबरेल आहे, फुटलेल्या टाचांना भिरंडेल आहे. आजचे वैद्यकही फार वेगळे सांगत नाही. काम सुटताच पाय गोड्या पाण्याने धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि मग तेल किंवा मलम लावावे. ज्याला एकदा कामामुळे त्वचारोग झाला, त्याने जास्त जपायचे. वरून बरी दिसणारी कातडी आतून आठवडेच्या आठवडे कच्ची असते. गमबुटात घाम साचतो, म्हणून सुती मोजे बदलावेत. कुणाला रबरातली रसायने किंवा चामड्यातले क्रोमियमच बाधते. त्याने चप्पल-बूटच बदलून पाहावेत. मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे तपासावेत.

या यादीत महाग असे काहीच नाही. पण आगराच्या बांधावर गोड्या पाण्याचे एक पिंप हवे, आणि ते ठेवायची जबाबदारी कुणाची, हे कुठल्याच कागदावर लिहिलेले नाही. मला वाटते, ते लिहिले गेले पाहिजे. ताटातल्या चिमूटभर मिठामागे कुणाचे तरी पाय आहेत, एवढे तरी आपण लक्षात ठेवूया.