परक्याच्या हाती सोपवलेलं मूल

कुंभकोणम आणि तंजावर यांच्या मध्ये पापनाशम हा तालुक्याचा गाव आहे. तिथल्या तिरुप्पालैत्तुरैच्या शिवमंदिरात नायक राजांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं विटांचं धान्याचं कोठार आजही उभं आहे. त्यात सुमारे तीन हजार कलम (कलम हे धान्याचं जुनं माप) भात मावतं, असं सांगतात. कावेरीच्या या काठाने शतकानुशतकं दक्षिणेला भात पुरवलं. नायकांनंतर इथे व्यंकोजीराजांच्या वंशातल्या भोसल्यांचं राज्य आलं आणि पावणेदोनशे वर्षं टिकलं. त्याच भातभूमीत 1781 साली माणसं भुकेने रस्त्यावर मरत होती. हैदर अलीच्या फौजांनी मुलूख उजाड केला होता आणि कुळं गावं सोडून पळाली होती. तंजावरच्या किल्ल्यात दाणा नव्हता. बाहेर धान्य होतं, पण ते आणायला कुणी बैल देईना. याआधी सरकारी कामाला नेलेल्या बैलांचे पैसे मिळाले नव्हते, आता मिळतील याचा भरवसा कुणी धरावा?

तेव्हा एका जर्मन पाद्र्याने स्वतःच्या नावावर हमी दिली. दोन-तीन दिवसांत हजार बैल जमले आणि ऐंशी हजार कलम धान्य किल्ल्यात आलं. पुढे पळालेल्या शेतकऱ्यांना परत बोलवायची वेळ आली, तेव्हाही राजाच्या शब्दावर कुणी येईना. पाद्र्याने शब्द दिला आणि एका दिवसात सात हजार माणसं आपापल्या शेतांकडे वळली.

या पाद्र्याचं नाव ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. मुलं कशी वाढवावीत याचं ख्रिस्ती मार्गदर्शन तंजावरच्या मराठी घराण्यात कसं शिरलं, त्याचा माग काढताना मला धर्मग्रंथांपेक्षा या बैलांच्या हमीपासून सुरुवात करावीशी वाटते. कारण पुढे मरणाऱ्या राजाने आपला मुलगा याच माणसाच्या ओटीत घातला, तो त्याची प्रवचनं ऐकून नव्हे. हा माणूस दिलेला शब्द पाळतो, हे त्याने पाहिलं होतं.

श्वार्ट्झचा जन्म 1726 चा, ब्रांडेनबुर्गमधल्या सोनेनबुर्गचा. शिक्षण हाल्ले शहरातलं. तिथे ऑगस्ट हेरमान फ्रांके या धर्मगुरूने 1695 मध्ये गरीब मुलांसाठी शाळा काढली होती. तिच्यातून मोठं अनाथालय, छापखाना, औषधालय आणि जगभरच्या चमत्कारिक वस्तूंचा संग्रह उभा राहिला. फ्रांकेची शिस्त कडक होती. मुलाची स्वतःची इच्छा मोडल्याशिवाय त्याच्यात भक्ती रुजत नाही, असं तो मानायचा. खेळाला त्याच्या शाळेत फारसा वाव नव्हता. पण दुसऱ्या बाजूला हीच शाळा अनाथ पोरालाही भूगोल, निसर्ग आणि गणित शिकवत होती, वस्तू हातात देऊन दाखवत होती, आणि त्या काळात हे अपूर्व होतं. हाल्लेचेच शिष्य त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाउ 1706 साली डेन्मार्कच्या ताब्यातल्या तरंगंबाडीला उतरले आणि त्यांनी लगोलग शाळा काढल्या. श्वार्ट्झ 1750 मध्ये त्याच किनाऱ्यावर आला आणि पुन्हा कधी मायदेशी गेला नाही. लग्नही केलं नाही.

संसार नसलेल्या या माणसाच्या घरात मुलं मात्र कायम असायची. तरंगंबाडीच्या मिशनरीचा मुलगा योहान कास्पार कोलहॉफ लहानपणापासून त्याच्याजवळ वाढला आणि 1787 मध्ये पाद्री झाला. पाळयंकोट्टैचा बारा वर्षांचा वेदनायगम त्याने 1785 च्या सुमारास तंजावरला आणला. तोच पुढे तमिळ ख्रिस्ती गीतांचा मोठा कवी वेदनायगम शास्त्री झाला. त्याच पाळयंकोट्टैत श्वार्ट्झने 1778 साली तंजावरच्या एका मराठी ब्राह्मण विधवेला बाप्तिस्मा दिला होता. ती क्लारिंडा. एका इंग्रज अधिकाऱ्यासोबत ती लग्नाशिवाय राहत होती म्हणून आधी श्वार्ट्झने तिला नकार दिला होता. अधिकारी वारल्यावर ती पुन्हा आली, दत्तक घेतलेल्या मुलालाही सोबत घेऊन. पुढे तिने तिथे देऊळ, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचं प्रार्थनामंदिर, उभं करवलं. श्वार्ट्झचा तो पहिला नकार मला आजही कठोर वाटतो. हाल्लेची शिस्त त्याच्या अंगात किती मुरली होती, ते तिथे दिसतं.

आता सरफोजी. तंजावरच्या तुळजाजीराजांची स्वतःची मुलं वारली होती. 1787 च्या जानेवारीत त्यांनी भोसले कुळातलाच नऊ वर्षांचा सरफोजी दत्तक घेतला आणि मृत्युशय्येवर श्वार्ट्झला बोलावून, हा आता तुमचा मुलगा, अशा अर्थाचं सांगितलं. श्वार्ट्झने मान हलवून होकार दिला नाही. आपण महिन्यातून एकदा-दोनदा फार तर येऊ शकू, त्याने मुलाचं रक्षण होणार नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं आणि राजाचा सावत्र भाऊ अमरसिंग याला पालक नेमण्याचा सल्ला दिला. सल्ला प्रामाणिक होता, पण मुलाला महागात पडला. तुळजाजी गेल्यावर दत्तकविधान शास्त्राला धरून नाही असा पंडितांचा निर्णय घेऊन ईस्ट इंडिया कंपनीने अमरसिंगालाच गादी दिली. सरफोजी वाड्यात जवळपास कोंडला गेला आणि त्याचं शिकणं थांबलं.

इथून पुढची काही वर्षं श्वार्ट्झने जे केलं, ते मला पालकपणाचं मर्म वाटतं. तो मद्रासच्या इंग्रजांना पुन्हापुन्हा लिहीत राहिला. मुलाला शिक्षक द्या, त्याला आणि तुळजाजींच्या राण्यांना त्रास होऊ देऊ नका, हा त्याचा धोशा होता. 1793 मध्ये सरफोजीला आणि राण्यांना मद्रासला हलवण्यात आलं, तेव्हा साठी ओलांडलेला श्वार्ट्झ त्यांच्यासोबत गेला. मद्रासमध्ये मुलावर लक्ष ठेवलं त्याचा सहकारी गेरिके याने. मग दत्तकविधानाची पुन्हा चौकशी झाली, दुसऱ्या पंडितांनी ते वैध ठरवलं आणि 1798 च्या जूनमध्ये सरफोजी गादीवर बसला. ते बघायला श्वार्ट्झ नव्हता. तो त्याच वर्षी 13 फेब्रुवारीला गेला. अंत्ययात्रेआधी सरफोजी आला, रडला, आणि प्रेतावर जरीचं वस्त्र घालून कबरीपर्यंत चालत गेला.

सरफोजी शेवटपर्यंत हिंदू राहिला. श्वार्ट्झला तो ख्रिस्ती व्हावा असं मनापासून वाटत होतं यात शंका नाही. तो मिशनरी होता. पण सोपवलेल्या मुलावर त्याने त्या इच्छेची सक्ती केली नाही. हीच भूमिका त्याने कंपनीचा दरबारातला प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, जॉन सलिव्हन याच्यासोबत तंजावर, रामनाथपुरम आणि शिवगंगा इथे काढलेल्या इंग्रजी शाळांतही घेतली होती. कंपनी प्रत्येक शाळेला वर्षाला 250 पगोडे देत असे आणि तिथे ब्राह्मणांची मुलं बरीच येत. फसवून कुणाला धर्मात ओढायचं नाही, हे श्वार्ट्झने उघड सांगून ठेवलं होतं. इच्छा मोडण्याच्या हाल्लेच्या धड्यापासून इथवर तो कसा आला, ते त्याने कुठे लिहून ठेवलेलं मला माहीत नाही. पण दुसऱ्याच्या बापाला दिलेला शब्द आणि स्वतःची श्रद्धा यांत शब्दाला आधी जागा देणारा ख्रिस्ती पालक तंजावरने पाहिला.

पण सगळं श्रेय हाल्लेला देणं चूक होईल. 1801 च्या जानेवारीत सरफोजीने रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला एक पत्र लिहिलं. पूर्वजांनी रामेश्वरच्या वाटेवर बांधलेली छत्रं, म्हणजे धर्मशाळा, कंपनीच्या हाती जातील अशी धास्ती होती, आणि ही छत्रं काय करतात ते तो समजावून सांगत होता. परगावच्या प्रवाशांची पोरकी झालेली मुलं तिथे शिक्षकाकडे सोपवली जातात. त्यांना दिवसातून तीनदा जेवण मिळतं, दर चौथ्या दिवशी तेल लावून आंघोळ घातली जाते, कपडे आणि औषध मिळतं, ज्याला ज्या विद्येची आवड ती शिकवली जाते, आणि शिक्षण पुरं झाल्यावर लग्नाचा खर्चही छत्रच करतं. गरोदर बाई आली आणि तिथेच बाळंत झाली, तर बाळंतपणाचा खर्च, औषधपाणी आणि त्यानंतर तीन महिने राहण्याची मुभा.

दर चौथ्या दिवशी तेल! ही घरातल्या आजीची नजर आहे. ही छत्रं सरफोजीच्या पूर्वजांची, मराठी राण्यांच्या आणि राजांच्या नावांची. म्हणजे अनाथाला जवळ करण्याची माया तंजावरात होतीच. श्वार्ट्झने आणली ती दुसरी गोष्ट: मुलाची रोजची विचारपूस करण्याची, त्याच्या अभ्यासासाठी वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहण्याची, जग त्याच्यासमोर उघडून ठेवण्याची चिकाटी. सरफोजीत या दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या. 1802 मध्ये त्याने ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र बांधलं आणि तिथे अन्नासोबत शाळाही दिली.

दुसरा धागा पुस्तकांचा. सरफोजीने वाड्यात देवनागरीचा छापखाना घातला आणि 1806 मध्ये तिथून ‘बालबोधमुक्तावली’ निघालं. सख्खण पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापच्या गोष्टी, मुलांसाठी. छापील मराठी पुस्तकं तेव्हा बोटावर मोजण्याइतकी होती, आणि त्यांतलं एक मुलांसाठी होतं, मुंबई-पुण्यापासून शेकडो कोस दूर. शाळेत रुजलेली सवयच त्यात दिसते, असं मला वाटतं. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटकही सरफोजीच्या नावावर आहे. त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी जगाचा भूगोल सांगते. वेदनायगम शास्त्रींनी तमिळमध्ये ‘बेथलेहेम कुरवंजी’ लिहिली होती, तीतही भूगोल आणि खगोल आहेत. एकाच पालकाकडे वाढलेली दोन मुलं, एक राजा आणि एक कवी, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही तमिळ मुलखातल्या नाचगाण्याच्या खेळात शाळेचा धडा घातला. पुढे नव्या मिशनऱ्यांशी जातीच्या आणि गाण्यांच्या प्रश्नावर बिनसून शास्त्रींचं मिशनमधलं काम सुटलं, तेव्हा सरफोजीने त्यांना दरबारी आश्रय दिला.

श्वार्ट्झच्या स्मारकासाठी सरफोजीने लंडनला जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतलं. तंजावरच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये ते आहे. पलंगावर श्वार्ट्झ, त्याचा हात धरलेला सरफोजी, मागे गेरिके, आणि पलंगाशी शाळेची तीन मुलं. शिल्पकाराने श्वार्ट्झला पाहिलं नव्हतं, तरी मुलांना तिथे जागा मिळाली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

1826 च्या मार्चमध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले. राजाचं वाचन, त्याची यंत्रं आणि ग्रंथसंग्रह पाहून ते थक्क झाले. सरफोजीचा मुलगा शिवाजी तेव्हा तरुण होता. त्याला आपल्यासोबत प्रवासाला न्यावं, शिकवावं, असं हेबरनी सुचवलं. स्वतः परक्या पाद्र्यांच्या छायेत वाढलेला बाप तयार झाला. आई तयार झाली नाही. तिने आधीच दोन मुलगे गमावले होते, हा प्रकृतीने नाजूक होता, आणि तो परत येणार नाही अशी तिला खात्रीच वाटत होती. राणीच्या शब्दापुढे राजाने आग्रह धरला नाही आणि मुलगा घरीच राहिला. हेबर पुढे तिरुचिरापल्लीला गेले आणि 3 एप्रिलला तिथेच अचानक वारले. शिवाजीने 1832 पासून 1855 पर्यंत तंजावरची गादी सांभाळली.